काका, ते पान चिकटलं होतं

परवाची गोष्ट आहे आणि मी अजून जळफळतेय, त्यामुळे कुठे आवाज चढला तर समजून घ्या. एक वर्ष आठ महिने खपून मी माझं पहिलं कॉमिक काढलं, २४ पानी, आणि ते छापायला पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडे गेले. बास, प्रस्तावना संपली.

त्याच्याकडे ही माझी दुसरी फेरी होती. पहिल्या फेरीत माझी पानं २२ होती. तिथल्या मुलाने ती मोजली आणि सांगितलं, "ताई, सेंटर पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात." हे मला कोणीही, कधीही सांगितलं नव्हतं. कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात हे दुसरीतल्या पोरालाही कळतं, पण मला कळायला २२ पानं काढावी लागली. मग घरी येऊन चार रात्रींत दोन पानं वाढवली. त्या दोन पानांवर नुसता पाऊस आहे. वाड्यावर पाऊस, पिंपळावर पाऊस, रिकाम्या गल्लीत पाऊस. वातावरणनिर्मिती म्हणा.

तर परवा डमी, म्हणजे नमुन्याची प्रत, हातात आली, पहिलीवहिली, गरमगरम. मी काउंटरवर ठेवून जरा पर्समध्ये फोन शोधतेय तोवर शेजारच्या काकांनी ती उचलली. विचारलं नाही, काही नाही. काका आधारची झेरॉक्स काढायला आले होते आणि नंबर यायला वेळ होता, म्हणजे दवाखान्यात जुनं मासिक उचलतात ना, तसं. सत्तरीचे असतील. खिशाला दोन पेनं. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

थुंकी! रंगीत प्रिंटला! मी "अहो काका" म्हणेपर्यंत तिसरं पान.

"चित्रं कोणी काढली?"

"मी."

"आणि गोष्ट?"

"तीही मीच."

"मिस्टर काय करतात?"

"बँकेत आहेत."

"मग बरोबर," असं म्हणून ते परत वाचायला लागले. काय बरोबर? दोन दिवस झाले, मी विचार करतेय, काय बरोबर?

गोष्ट साधी आहे. एक वाडा पाडायला काढलाय, तिथे रात्रपाळीचा एक म्हातारा वॉचमन आणि एक मांजर. वॉचमनला मी पहिल्या पानावर हौसेने चौकडीचा मफलर दिला. ज्यांना कधी कॉमिक काढायचंय त्यांनी एवढंच लक्षात ठेवा, चौकडी देऊ नका. तो माणूस ९७ वेळा आलाय आणि ९७ वेळा मी त्या चौकड्या भरल्यात, बसलेल्या, उभ्या, वाऱ्यावर उडणाऱ्या. बाराव्या चौकटीपासून मी त्या म्हाताऱ्याचा मनापासून द्वेष करत होते. आणि घरच्यांना यातलं काही कळत नाही. दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीला कॉमिकवाले गटर म्हणतात. एकदा मी फोनवर मैत्रिणीला म्हटलं, आज दिवसभर गटर साफ करत होते गं, तर सासूबाईंनी संध्याकाळी हळूच विचारलं, "सोसायटीचा माणूस येत नाही का हल्ली?"

असो. काका पान नऊवर थांबले.

"इथे नुसता पाऊस आहे."

"हो, वातावरण..."

"दहावरही पाऊस आहे. याचेही पैसे घेणार?"

प्रिंटवाला मुलगा खाली मान घालून हसला, मला दिसलं.

मग काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, डमी नाकापर्यंत आणली आणि ज्याची मला वर्ष-दीड वर्षं भीती होती तो प्रश्न विचारला. "ह्या माणसाला हात नाहीत का?"

आहेत. खिशात आहेत. किंवा पाठीमागे आहेत, घोंगडीत आहेत, एका ठिकाणी तर हात आहेत तिथे नेमका संवादाचा फुगा आलाय. मला हात काढता येत नाहीत हो! चेहरा येतो, वाडा येतो, मांजर तर डोळे मिटून येतं, पण हात म्हटला की भेंडीचा जुडगा होतो. मी म्हटलं, "काका, थंडीचे दिवस आहेत गोष्टीत."

"पाऊस पडतोय की."

"..."

"आणि हा अकराव्या पानावर पाठमोरा का जेवतोय? दृष्ट लागते?"

मग कळलं की काका इरिगेशनमध्ये ३१ वर्षं ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईने गिरवून काढणारे, होते. ट्रेसिंग क्लॉथ, रोट्रिंगची पेनं, अमोनिया प्रिंटचा वास, सगळं त्यांनी मला झेरॉक्सच्या रांगेत सांगितलं. धरणाच्या ड्रॉइंगमध्ये रेघ कापली तर साहेब अख्खी शीट परत करायला लावायचा. "तुमची रेघ थरथरते," असं म्हणाले, अगदी प्रेमाने, डॉक्टर साखर वाढलीय सांगतात तसं. पुढे, "आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक यायचं. वेताळ! काय हात असायचे त्याचे!"

इथे मात्र माझी सटकली. अहो, वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, १९३६ पासून अमेरिकेतल्या पेपरांत येतोय, तिथे लिहिणारा वेगळा, काढणारा वेगळा, वर मदतनीस. आपल्याकडे इंद्रजाल १९६४ ला आलं ते पेपरच्या मोठ्या कंपनीतून. १९६७ च्या अमर चित्रकथेतही लिहिणारा एक आणि चित्रं काढणारा दुसरा. माझ्याकडे कोण आहे? डायनिंग टेबल आहे, तेसुद्धा कुकर व्हायच्या आत रिकामं करायचं. लिहायचं मी, पेन्सिल मी, शाई मी, रंग मी, फुग्यातली अक्षरं मी. आणि प्रकाशकाकडे जा, तो म्हणणार छान आहे पण मुलांसाठी करा, बोधपर काहीतरी. म्हाताऱ्या वॉचमनकडून कसला बोध? म्हणून स्वतःच्या पैशाने ५० प्रती.

यातलं मी काहीच बोलले नाही अर्थात. "हो, वेताळ छानच," म्हटलं.

अक्षरांचंही झालंच. त्या मुलाने पीडीएफ न उघडता माझी मूळ फाइल त्याच्या कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली होती, तिथे सगळ्या पहिल्या वेलांट्या एकेक घर पुढे सरकल्या. वॉचमन काठी आपटून ओरडतो, "कोण आहे रे तकिडे?" काकांनी ते मोठ्याने वाचलं. दोनदा. दुकानातल्या सात जणांना ऐकू गेलं. नशीब "धडाम" हाताने लिहिलं होतं, ते शाबूत राहिलं.

आता मुख्य दुःख. बारा-तेरा ही मधली जोडपानं. तिथे वाडा कोसळतो आणि त्या धुरळ्यातून वॉचमन मांजराला दोन्ही हातांत धरून बाहेर येतो. होय, हातांत. अख्ख्या पुस्तकात मी तिथेच हात काढलेत. १९ दिवस लागले. नवऱ्याला मांजर म्हणून उशी धरायला लावून फोटो काढले, तो बिचारा ऑफिसचे कपडेही न बदलता अर्धा तास उशी घेऊन उभा होता. त्या एका चित्रासाठी बाकी सगळं पुस्तक आहे असं म्हटलं तरी चालेल.

काकांनी अंगठा जिभेला लावला, आणि दोन पानं एकदम उलटली. थुंकी लावूनही! अकरावरून थेट चौदा.

मी बघत राहिले. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी उरलेलं वाचलं, एकूण सहा मिनिटं, डमी काउंटरवर ठेवली, झेरॉक्सचे पैसे दिले आणि म्हणाले, "चांगलंय. पण मांजर कुठून आलं त्याच्याकडे? समजलं नाही. गोष्टीत भोक आहे."

आणि गेले.

मी त्या मुलाला पीडीएफ दाखवून ५० प्रती सोडायला सांगितल्या, पैसे दिले, आणि मग मात्र राहवेना. डमी घेतली आणि धावले. काका कोपऱ्यावर स्कूटरला किक मारत होते. "काका, ते पान चिकटलं होतं!" म्हणत मी बारा-तेरा उघडून त्यांच्या हँडलवरच ठेवलं. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, काका किक सोडून चष्मा खाली घेतायत. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता गहिवरणार.

"सहा आहेत," म्हणाले.

"काय सहा?"

"बोटं. उजव्या हाताला."

"एक मांजराचा पंजा असेल हो."

"पंजा हा काय, खाली आहे." पेनाने दाखवला. मग स्कूटर सुरू झाली.

मी तिथेच फुटपाथवर उभी राहून मोजली. अंगठा धरून सहा. दुकानात परत आले तेव्हा मशीनमधून अडतिसावी प्रत बाहेर पडत होती आणि तो मुलगा बारा-तेरा उघडून बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "हे एआयने काढलंय का?"