विरजणात साबण

कापूस वेचणीचे दिवस. परवा उपकेंद्राच्या पायरीवर एक वहिनी सगळ्या जाईपर्यंत बसून राहिली, मग पिशवीतून खालची जागा धुवायच्या सुगंधी वॉशची गुलाबी बाटली काढली. "सिस्टर, हे रोज लावतो, तरी वास जात नाई. उलट खाजच सुटली." मेडिकलवाल्यानं दोनशेला दिलेली. तिची एका दिवसाची वेचाई.

"कुठं लावता?"

मान खाली. "आतून धुतो."

'फक्त बाहेरून' हे बाटलीवर होतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मी तिला विरजणाचं सांगितलं. दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासतं, पण विरजण लागलं की टिकतं, कारण त्या आंबटपणात दुसरे जंतू फारसे वाढत नाहीत. योनीमार्गातही असंच विरजण असतं, लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू. तिथल्या पेशींतल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, ते पोसतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. डोडरलाइन या जर्मन डॉक्टरानं हे जंतू १८९२ मध्येच नोंदवून ठेवलेत. अंगाच्या साबणाचा पीएच ९-१०. आतून धुतलं की विरजण मोडतं, भलतेच जंतू माजतात, राखाडी पातळ पाणी जातं, माशासारखा वास येतो. वास आला की बाई आणखी धुते. दुसरी बाटली खपते.

दही लावा असं मी म्हणत नाहीये हं! दह्यातले जंतू वेगळे. मागं एकीनं माझंच ऐकून खरंच लावलं होतं, तेव्हापासून हे आधी सांगते.

थोडं पांढरं जाणं, महिन्याच्या मधात चिकट जाणं, हा आजार नाही. 'हाडं झिजून पांढरं जाते' म्हणतात, त्यात हाडांचा काही संबंध नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. आत काही नको, तुरटीचं पाणी नको, जंतुनाशक तर नकोच. खाज, वास, फुटलेल्या दह्यासारखं जाणं, ओटीपोटात दुखणं असेल तर तपासून घ्या. बुरशीचं औषध वेगळं, या वासाच्या आजाराचं वेगळं, मेडिकलातली एकच ट्यूब सगळ्याला चालत नाही. गरोदर असाल तर अजिबात थांबू नका, या वासाच्या आजारात दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

चीड याची येते, की वावरात दिवसभर आडोसा नाही, पाळीचं कापड बदलायला जागा नाही, आणि तिला विकलं काय, तर सुगंध.

डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. जाताना तिनं विचारलं, "मंग हे बाटली? दोनशेची हाये, फेकू कशी?"

सध्या ती त्यानं पायाच्या भेगा धुते.