प्रश्न विचारणारा ॲडमिरल

मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष थांबला, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्यानं विचारलं, "आपली विमानं पडली का?" सगळे त्याच्यावर तुटून पडले. सैन्यावर शंका घेतोस? महिनाअखेरीस संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापुरात विमानं गमावल्याचं स्वतःच मान्य केलं. किती पडली यापेक्षा का पडली हे महत्त्वाचं, असंही ते म्हणाले. मग ते परदेशात का बोलले, यावर वाद पेटला. पुतण्याला मात्र कुणी 'आमचं चुकलं' म्हटलं नाही.

मी ब्रिटनमध्ये, प्लिमथला राहतो. इथल्या डेव्हनपोर्ट गोदीत नौदलाच्या पाणबुड्या दुरुस्तीला येतात, आणि पाणबुडी म्हटलं की मला ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल मायकेल बॉइस आठवतात. ओबेरॉन, ओपॉसम आणि अणुशक्तीवर चालणारी सुपर्ब, अशा तीन पाणबुड्यांचं नेतृत्व त्यांनी केलं. कप्तान होण्याआधी 'पेरिशर' नावाचं खडतर परीक्षेचं प्रशिक्षण पार करावं लागतं: युद्धनौका अंगावर येत असताना पेरिस्कोपमधून क्षणभर बघायचं, अंतरांचा हिशेब डोक्यात ठेवायचा, निर्णय एकट्यानं घ्यायचा. नापास झालेल्याला पाणबुडीवर पुन्हा जागा नाही. कारण तिथे एकाची चूक सगळ्यांच्या जिवावर बेतते.

हाच माणूस 2001 मध्ये ब्रिटनचा संरक्षण दलप्रमुख झाला. मार्च 2003 मध्ये इराकवर हल्ल्याची तयारी चालली होती आणि ॲटर्नी जनरलचा, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराचा, 7 मार्चचा सल्ला किंतु-परंतुंनी भरलेला होता. बॉइस अडून बसले: युद्ध कायदेशीर आहे की नाही, निःसंदिग्ध सांगा. आपल्या हुकमावर लढणारी पोरं उद्या कायद्याच्या कचाट्यात सापडू नयेत, ही त्यांची काळजी. होकार आला आणि 20 मार्चला युद्ध सुरू झालं.

मला त्यांचा प्रश्न अपुरा वाटतो. कायदेशीर म्हणजे योग्य नव्हे. इराकमध्ये 179 ब्रिटिश सैनिक गेले, सामान्य इराकी तर किती तरी पट, आणि ज्या महासंहारक शस्त्रांसाठी हल्ला केला ती सापडलीच नाहीत. या युद्धाच्या सरकारी चौकशीचा अहवाल यायला 2016 उजाडलं. तोवर सैनिकांचे आईबाप ताटकळत राहिले. इथलं सगळं आदर्श आहे, असं मी म्हणणार नाही. पण 2009 मध्ये त्याच चौकशीपुढे बॉइस यांनी उघड साक्ष दिली, आणि प्रश्न विचारला म्हणून त्यांची निष्ठा संशयास्पद ठरली नाही.

पुतण्या एनडीएची तयारी करतोय. त्या दिवशी ग्रुपवर मी गप्प राहिलो, याची मला खंत आहे. बॉइस यांची साक्ष काल त्याला पाठवली, सगळ्यांना दिसेल अशी, ग्रुपवरच.