आत्महत्येबद्दल विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही

मंगळवारी मावशीचा फोन आला, मावसभावाची मानसोपचारतज्ज्ञाकडची शनिवारची अपॉइंटमेंट रद्द कर म्हणून. तो दीड महिना कॉलेजला गेलेला नाही. रात्र रात्र जागा असतो, जेवणाचं ताट तसंच परत येतं. "अगं, ते पोराला मरणाबिरणाचं विचारतात म्हणे. नकोच ते," मावशी म्हणाली आणि तिने सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मानसोपचारतज्ज्ञ वार-तारीख विचारतात, शंभरातून सात वजा करायला लावतात आणि चुकलं की वेडा ठरवतात. रक्त नाही, स्कॅन नाही, नुसत्या गप्पांवर गोळ्या देतात. आत्महत्येबद्दल विचारून तो विचार डोक्यात भरवतात. आणि एकदा कागदावर नाव चढलं की तुमची सही कुठे चालत नाही.

मी पुण्यातच एका रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ आहे. ही तपासणी रोज करते.

मरणाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मावशीला त्यानेच अडवलं. हा प्रश्न कुणी दारात पाऊल टाकताच फेकत नाही. आधी झोप, भूक, मन कशात लागतं का, हे विचारतो. मग "जगणं नकोसं वाटतं का?", मग "मरून जावं असं मनात येतं का?" हो म्हणाला तर पुढे जावंच लागतं: किती वेळा येतं, काही ठरवलंय का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, आजवर कशामुळे थांबलास. या शेवटच्या प्रश्नावर माणसं बहुतेक वेळा आईचं नाव घेतात. उत्तरांवरून ठरतं की घरी पाठवायचं की दाखल करायचं, घरातली औषधं कुलपात ठेवायला सांगायची का, पुढच्या महिन्याऐवजी परवाच बोलवायचं का. विचारलंच नाही तर यातलं काहीच ठरवता येत नाही.

आणि विचारल्याने विचार रुजतो का, हे तपासून झालेलं आहे. २००१ ते २०१३ या काळातल्या तेरा अभ्यासांचा आढावा 'सायकॉलॉजिकल मेडिसिन' या नियतकालिकात २०१४ साली आला. किशोरवयीन आणि प्रौढ, दोघांचेही अभ्यास त्यात होते. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार लक्षणीय वाढल्याचं एकाही अभ्यासात आढळलं नाही. उलट बोलल्याने ते कमी होऊ शकतात, असा निष्कर्ष निघाला. माझ्यासमोर माणसं या प्रश्नावर रडतात, आणि बरेच जण म्हणतात, "पहिल्यांदाच कुणी विचारलं." ज्याच्या मनात तो विचार नसतो तो "छे हो" म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

वार-तारखेचं. वजाबाकी चुकली म्हणून कुणाला वेडा ठरवत नाहीत. त्यातून लक्ष टिकतं का, हे बघायचं असतं, आणि शिक्षण किती झालंय हे धरूनच उत्तर तोलायचं असतं. घरातले आजोबा दोन दिवसांत अचानक वार-जागा विसरू लागले, तर कारण लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणं हेही असू शकतं, आणि ते या साध्या प्रश्नांतूनच पहिल्यांदा लक्षात येतं. 'नाचता येईना अंगण वाकडे'चा अर्थ विचारतो तोही असाच, शब्दांमागचा अर्थ पकडता येतो का हे कळायला. पालखीच्या दिवसांत एखादे वारकरी आजोबा "विठ्ठल माझ्याशी बोलतो" म्हणाले, तर त्या एका वाक्यावर आजार ठरत नाही. कसं बोलतो, केव्हापासून, त्याने घाबरायला होतं का, खाणंपिणं सुटलंय का, घरच्यांना काय वाटतं, हे सगळं विचारावं लागतं.

रक्ततपासणीबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. नैराश्य दाखवणारी रक्ताची चाचणी आज नाही. पण थायरॉइड, बी-१२ बघायला रक्त तपासतात, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच कोमेजतो. आणि हो, गर्दीच्या ओपीडीत कधी कधी पाच मिनिटांत उरकलं जातं. ते चूकच आहे. तिथे "अजून सांगायचंय" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर दुसरा डॉक्टर गाठा.

सहीचं तर सरळ खोटं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी 'अस्थिर मनाचा' ठरत नाही. ते ठरवणं न्यायालयाचं काम. माहिती गुप्त राखण्याचा हक्क कलम २३ मध्ये आहे.

काल कर्वेनगरला मावशीकडे जाऊन हे सगळं सांगून आले. भाऊ दाराआडून ऐकत होता. निघताना त्याने विचारलं, "आई आत बसणार का?" म्हटलं, तू म्हणशील तसं. शनिवारची साडेअकराची वेळ अजून मोकळी होती, ती परत घेतली आहे. तोवर रात्री-अपरात्री वाटलं तर चोवीस तास चालणाऱ्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मावशीच्या फ्रिजवर चिकटवून आले.