‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल

सर, विद्यार्थी पत्रकारांच्या राज्यव्यापी संघटनांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सांगलीहून प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं : शिवाजी विद्यापीठ महाविद्यालयीन नियतकालिकांची स्पर्धा घेतंच, मग अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शालेय पत्रकारांच्या संघटनेचं कौतुक कशाला, तिकडेही शेवटी मुख्याध्यापकांचंच चालतं, आणि ‘हे सगळं घरबसल्या लिहिलंय, कॉलेजच्या अंकाला कधी हात लावलेला दिसत नाही.’

लेख लांबला, हे मान्य. पण हे शेवटचं वाक्य? माहिती चुकली म्हणाला असता तर तपासून पाहिलं असतं. तुम्ही तर थेट लायकीच काढलीत. ओळख ना पाळख!

मी साताऱ्यात शिकलो. कॉलेजच्या अंकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात होतो. मुलांच्या मागे लागून लेख मिळवले, प्रेसमध्ये बसून प्रुफं तपासली. मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्यावर आमच्यातल्या एकीनं लिहिलेला लेख प्रुफापर्यंत गेला होता. अंक हातात आला तेव्हा त्या पानावर स्नेहसंमेलनाचे फोटो. कुणी काढला, का काढला, कुणाला विचारायचं? कॉलेजबाहेर आमचं म्हणावं असं कुणी नव्हतं. तिनं नंतर अंकासाठी काही दिलं नाही. हा विषय मी तेव्हापासून धरून आहे, सर. ‘घरबसल्या’ लिहिण्याआधी एकदा विचारायचं तरी होतंत.

स्पर्धेचं म्हणाल, तर ती छापून आलेल्या अंकांची. गाळलेला लेख परीक्षकांपुढे जातच नाही. इंडियानातली संघटना १९२२ पासूनची, फ्रँकलिन कॉलेजच्या आधारानं उभी राहिलेली. तिच्यामुळे शाळांचे अंक चालवणारी मुलं आणि शिक्षक अधिवेशनाला एकत्र येतात, आपल्या शाळेबाहेरच्या जाणकारांकडून अंक तपासून घेतात. एका शाळेतल्या मुलाला दुसऱ्या गावचा शिक्षक ओळखत असतो. मला नेमकं हेच हवंय. साताऱ्यात लेख अडला तर विट्याच्या एखाद्या प्राध्यापकाला फोन करता यावा.

मुख्याध्यापकांचं : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली हेझलवूड खटल्यात शाळांना अंकातला मजकूर अडवण्याचा अधिकार दिला, खरंय. पण कॅलिफोर्नियानं १९७७ मध्येच विद्यार्थ्यांच्या बाजूनं कायदा केला होता, आणि निकालानंतर आणखी काही राज्यांनी केला. त्यावर यापेक्षा जास्त वाद घालत नाही.

पुढच्या वेळी लेखावर बोला, माझ्यावर नको. आणि तुमच्या कॉलेजचे जुने अंक जपून ठेवले असतील तर कळवा, सांगलीला येऊन वाचेन.