दार आपल्या बाजूला ठेवून

एका रात्री रुग्ण दगावल्याचे नातेवाइकांना सांगायला निघताना आमच्या सीनिअरनी मला प्रथमच सोबत घेतले, तेव्हा त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात ठेवला आणि ‘दार आपल्या बाजूला राहील असे उभे राहा’ एवढेच सांगितले. स्टेथोस्कोप का काढला, हे नंतर कळले. गळ्यात असला की धरून ओढायला सोपा जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी मारहाण सोसावी लागते; शिवीगाळ आणि धमक्या तर त्याहून कितीतरी अधिक जणांच्या वाट्याला येतात. मेडिकल कॉलेजच्या आमच्या हॉस्टेलवर या विषयावर बोलणे निघाले की बहुतेकांचा सूर कडक कायदा आणि जास्त सुरक्षारक्षक असाच असतो, आणि काही जण तर पुढे शाखा निवडताना कॅज्युअल्टीशी, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागाशी, संबंध येणार नाही, एवढेच बघतात. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मारहाण करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. दुःखाच्या भरात हात उचलला गेला, ही सबब मला मान्य नाही.

तरीही त्या रात्रीबद्दल मला आणखी काही म्हणायचे आहे. त्या रुग्णाच्या मुलाने दोन तासांत तीन वेळा मला गाठून ‘आत काय चाललंय?’ असे विचारले होते आणि तिन्ही वेळा मी ‘मोठे डॉक्टर सांगतील’ असे म्हणून आत निघून गेलो होतो. ड्यूटीवरचे दोघेही डॉक्टर रुग्णांत अडकले होते, बाहेर यायला कुणालाच सवड नव्हती. चौथ्या वेळी त्याने काही विचारले नाही, दाराच्या काचेवर मूठ मारली.

वाईट बातमी कशी सांगावी, याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली आणि ती आम्हाला शिकवली जाते. शांत जागा निवडा, समोर बसा, समोरच्याला आधीपासून काय ठाऊक आहे ते विचारा, असा तिचा क्रम आहे. (सरावाच्या वेळी खुर्ची ओढून बसलो की गुण मिळतात, त्या कॉरिडॉरमध्ये खुर्चीच नव्हती.) पण ही पद्धत शेवटच्या भेटीची आहे. त्याआधीच्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने कुणीतरी बाहेर येऊन ‘प्रयत्न सुरू आहेत, प्रकृती अजून गंभीर आहे’ एवढे सांगावे, हे प्रत्येक पाळीत एकाकडे नेमून दिलेले काम असायला हवे, असे माझे ठाम मत आहे. डॉक्टरांना विचारून तो निरोप बाहेर पोहोचवणे त्या रात्री मलाही जमले असते. मला कुणी तसे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.