नळाला पाणी आलंय, आता ते घालवाल कसं?

आठ दिवसांनी नळ आलाय. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ही बातमी कुणी सांगायला लागत नाही. गल्लीत एकामागून एक मोटारी गुरगुरल्या की कळतं. तुम्हीही उठा आणि आधी घरात भरून ठेवलेलं सगळं पाणी मोरीत ओता. पिंप, हंडे, कळश्या, काही सोडू नका. शिळं पाणी घरात ठेवत नसतात! धरणात हेच पाणी गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे, हा विषय काढायचा नाही. डास होऊ नयेत म्हणून आठवड्याला भांडी कोरडी करायची, हे खरंच. पण ते पाणी फ्लशच्या टाकीत, कूलरमध्ये किंवा कुंड्यांना घालायला चार पावलं जास्त चालावं लागतं. मोरी जवळ असते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. म्हणजे २०० लिटरची अडीच हजार पिंपं. अडीच हजार घरांनी एका सकाळी मनावर घेतलं, की अख्खी गाडी गटारात.

आता मोटार. ती थेट नळाच्या जोडणीला लावा. बेकायदेशीर आहे, म्हणून वर पोतं टाका. आवाज पोत्यातून येतो, पण मनाला बरं वाटतं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार वाहिनीतला दाब ओढून घेते, आणि गल्लीच्या टोकाच्या घरात नळातून नुसती हवा फुसफुसते. मग ते एक हॉर्सपॉवरची आणतात. तुम्ही दीडची आणा. गल्लीला मिळणारं पाणी तेवढंच राहतं, वीजबिल मात्र सगळ्यांचं वाढतं. शिवाय वाहिनीतला दाब उतरला की गटारालगतच्या फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत खेचली जाते. चार दिवसांनी घरोघरी जुलाब लागले की नगरपालिकेला शिव्या द्यायला तुम्ही मोकळे. पाणी गेल्यावरही मोटार चालूच ठेवा. कोरडी फिरली की आधी सील जळतं, मग वाइंडिंग.

हौदातून गच्चीवर पाणी चढवताना बटण दाबा आणि मालिका बघत बसा. एक हॉर्सपॉवरची मोटार दुमजली घरावर तासाला दोन-अडीच हजार लिटर सहज चढवते. हजार लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आत भरते. पुढची वीस मिनिटं जे पाणी पन्हाळीतून कोसळतं, त्याला धबधबा समजा. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा सेन्सर लावू नका, मालिकेतली मजा जाईल.

फ्लशची टाकी झिरपते का, हे तर मुळीच तपासू नका. टाकीत चिमूटभर खायचा रंग टाकून, फ्लश न ओढता पंधरा मिनिटांनी भांड्यात पाहिलं आणि रंग उतरलेला दिसला, तर खालचं रबर बदलावं लागेल. कोण ते झंझट करणार? आरओ मात्र हवाच. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असला तर क्षार काढायला आरओची गरज नसते, म्हणून टीडीएस मोजायचा नाही. एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर पडतं. नळीखाली बादली ठेवली तर त्यात फरशी पुसता येते, पण स्वयंपाकघराची शोभा जाते.

दुपारी खिडक्या बंद करून कूलर आणि एसी एकाच खोलीत लावा. कूलर पाण्याची वाफ करून हवेत सोडतो, एसी त्याच वाफेचं पुन्हा पाणी करून नळीनं बाहेर ठिबकवतो. कूलरला उघडी खिडकी लागते आणि एसीला बंद, म्हणून दोघांपैकी एकच चालवावा, असं एखादा वायरमन सांगेल. त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि एसी १८ वर ठेवा. २४ वर ठेवून पंखा लावला तर बिल कदाचित ३०० युनिटच्या आत राहील, पुढच्या महाग टप्प्याचा दर कसा असतो ते कळायचंच नाही.

एवढं करून चौथ्या दिवशी हौद कोरडा पडेलच. टँकर ५,००० लिटरचा मागवा, हौद न मोजता. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणायची आणि येईल त्याला २८.३ नं गुणायचं, की लिटर निघतात. ६ बाय ५ बाय ५ च्या हौदात जेमतेम ४,२४५ मावतात. उरलेल्या साडेसातशे लिटरचे पैसे टँकरवाला घेणारच. ते रस्त्यावर सोडा, धूळ छान बसते.