जनगणनेला माहिती द्या, आणि हमीही मागा

जनगणनेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मोबाइलला सगळं देता, मग सरकारला चार उत्तरं द्यायला काय जातं तुमचं?" मी जनगणनेच्या बाजूचा आहे. फॉर्म पूर्ण भरावा आणि खरा भरावा, या मताचा आहे. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही. एखादं अॅप फार तर जाहिरातींनी भंडावून सोडेल. तुमच्या दारी पोलीस पाठवणं, तुमच्या नागरिकत्वावर बोट ठेवणं त्याच्या हातात नाही. सरकारच्या हातात आहे. म्हणून तिथे उत्तर देताना माणूस जास्त कचरतो, आणि ते अगदी रास्त आहे.

ही भीती हवेतून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जनगणना खात्याने कुठल्या भागात किती जपानी वंशाचे लोक राहतात याचे आकडे लष्कराला पुरवले. १९४२ साली तर युद्धकाळाचं कारण देऊन कायद्यातलं गोपनीयतेचं संरक्षणच बाजूला ठेवलं गेलं. सुमारे १,२०,००० माणसांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. नेदरलँड्समध्ये जनगणना नव्हे, पण लोकसंख्येची कायमस्वरूपी नोंदणी होती आणि तीत धर्माचा रकाना होता. नाझींनी देश ताब्यात घेतल्यावर त्या नोंदी त्यांच्या आयत्या हाती लागल्या. मार्च १९४३मध्ये तिथल्या प्रतिकार गटाने अॅम्स्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवून दिलं, ते कार्डं जळून जावीत म्हणून. त्या देशातले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. हे ज्यांच्या घरात घडलं, त्यांच्या नातवंडांना "त्यात घाबरायचं काय?" असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो पश्चिम जर्मनीतला वाद. १९८३च्या जनगणनेविरुद्ध तिथे बहिष्काराची मोठी चळवळ उभी राहिली. मोजणीच्या कायद्यातच एक मेख होती: भरलेले फॉर्म स्थानिक नोंदणी कार्यालयाच्या वह्यांशी ताडून त्या दुरुस्त करायची मुभा दिली होती. म्हणजे आकडेवारीसाठी म्हणून दिलेलं उत्तर, तुमच्या नावासकट, कारभाराच्या टेबलावर. प्रकरण घटना न्यायालयात गेलं. १५ डिसेंबर १९८३ रोजी निकाल लागला. आपली माहिती कोणाला, कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा अधिकार नागरिकाचा आहे, असं न्यायालयाने सांगितलं. मोजणी करा, ती देशाला लागते. पण मोजणी आणि कारभार यांची सरमिसळ चालणार नाही. नवा कायदा करावा लागला आणि जनगणना १९८७ साली झाली. तेव्हाही काहींनी फॉर्मवरचा क्रमांक कापून टाकून तो परत केला. तरी मोजणी पार पडली. भांडलेल्या लोकांमुळे सगळ्यांनाच जास्त भक्कम संरक्षण मिळालं.

आता दुसरी बाजू. "ज्यांना द्यायचीय त्यांनी द्यावी माहिती, सक्ती कशाला?" हे ऐकायला फार उदार वाटतं. कॅनडाने २०११ साली तसं करून पाहिलं. मूळ मोजणी सक्तीचीच राहिली, पण सविस्तर प्रश्नांचा फॉर्म ऐच्छिक केला. हा निर्णय जाहीर झाला तेव्हा तिथल्या सांख्यिकी संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला होता. सविस्तर फॉर्मला आधीच्या खेपेला शंभरातली नव्वदहून जास्त घरं उत्तर देत होती, ती सत्तरच्याही खाली आली. पुष्कळ छोट्या वस्त्यांची आकडेवारी इतकी कच्ची निघाली की ती प्रसिद्धच करता आली नाही. २०१६ला सक्ती परत आणली.

उत्तर न देणारे सगळ्या थरांत सारखे विखुरलेले असते तर एवढं बिघडलं नसतं. तसं होत नाही. गळतात ते भाडेकरू, स्थलांतरित, दाटीवाटीने राहणारी कुटुंबं. आणि लहान मुलं! अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत पाच वर्षांखालची मुलं पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कमी मोजली गेल्याचं नंतरच्या तपासणीत दिसलं. मूल आजीकडे असतं, आई दुसऱ्या शहरात. दोघींना वाटतं दुसरीने नोंदवलं असेल. मग शाळांच्या वर्गखोल्या, लसींचे डोस, सगळे हिशेब त्या कमी आकड्यावर पुढची दहा वर्षं चालतात.

आणखी एका गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं. पुष्कळ जणांना सरकारपेक्षा शेजाऱ्याची भीती जास्त असते. प्रगणक उंबऱ्यात उभा राहून मोठ्याने विचारतो, "घरात किती माणसं? लग्न झालंय? नवरा कुठे असतो?" जिन्यात घरमालक उभा आहे, समोरचं दार अर्धं उघडं आहे. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई तिथे खरं सांगेल? ठरल्यापेक्षा दोन माणसं जास्त ठेवलेला भाडेकरू सांगेल? अशी चुकलेली उत्तरं कुठलाही कडक कायदा दुरुस्त करू शकत नाही. तिथे हळू आवाजात बोलणारा, आत येऊन बसू का असं विचारणारा प्रगणक लागतो, नाहीतर स्वतःच्या हाताने फॉर्म भरायची सोय.

म्हणून माझं मागणं दुहेरी आहे. आपण खरं उत्तर द्यावं. आणि सरकारने लेखी, कायद्यात बांधून सांगावं की हे उत्तर कर खात्याकडे, पोलिसांकडे, मतदार यादीकडे जाणार नाही, आणि ते फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होईल. नाव कशाला लागतं, ते कधी वेगळं काढलं जातं, हेही फॉर्मवरच छापावं. लोकांना कारण कळलं की ते उत्तर देतात.

प्रगणक दारी आला तर आधी ओळखपत्र बघा. एखादा प्रश्न कशासाठी आहे ते बिनदिक्कत विचारा. त्याला सांगता आलं पाहिजे. बँकेचा खाते क्रमांक किंवा कार्डाचा पिन मोजणीला लागत नाही, तो मागणारा माणूस जनगणनेचा नाही. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याचंही नाव सांगा.